सहीखालच्या मजकुराबद्दल : १९३ सदस्य राष्ट्रांच्या प्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील सर्व स्थायी प्रतिनिधी

सन्माननीय प्रतिनिधी,

स. न. वि. वि.

तुमच्या सभागृहात कोणी कुठे बसायचं हे दरवर्षी चिठ्ठी काढून ठरतं. महासचिव एक चिठ्ठी उचलतात. त्यावरचा देश पहिल्या जागेवर बसतो आणि बाकीचे त्याच्यामागून इंग्रजी वर्णक्रमाने. त्यामुळे जागा दरवर्षी सरकतात, शेजारी मात्र तेच राहतात. तुवालू, मग युगांडा, मग युक्रेन. एकाची जमीन समुद्र घेतोय, दुसऱ्याची शेजाऱ्याची फौज. मधे बसलेल्या युगांडाच्या प्रतिनिधींनी नुसती दोन्हीकडे मान वळवली, तरी माझ्या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम बसल्या जागी पुरा होईल.

मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. दर सप्टेंबरात तुमची भाषणं ऐकतो. आवडीने ऐकतो असं म्हणणं धाडसाचं होईल, पण ऐकतो. शिकवायला लागलो तेव्हा १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने सांगितलेली राज्याची चार लक्षणं फळ्यावर लिहून मोकळा व्हायचो : कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता. पहिली तीन मुलांना पटकन कळतात. हल्ली चौथ्यापाशीच तास संपतो. कारण संबंध जोडायचे म्हणजे करार करायचे, आणि करार म्हणजे शेवटी कुणाची तरी सही.

तुमच्या भाषणांतला तक्रारीचा सूर ओळखीचा झाला आहे. सार्वभौमत्वाला बाहेरून धोका आहे, परकी शक्ती ढवळाढवळ करताहेत, अमुक संस्था आमच्या डोक्यावर बसू पाहते आहे. काही वेळा हे शंभर टक्के खरं असतं. युक्रेनच्या बाबतीत ते इतकं खरं आहे की त्यावर वाद घालायलाही लाज वाटावी. २ मार्च २०२२ रोजी तुमच्यापैकी १४१ जणांनी तसं मतदानही केलं. पण सगळा हिशेब मांडून पाहिला तर सार्वभौमत्वाचा मोठा वाटा रणगाड्यांनी जात नाही. तो तुमच्याच सहीने जातो. आणि ती सही ज्यांच्या नावाने होते, त्यांना बहुतेक वेळा खालचा मजकूर वाचायलाही मिळत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

सहीचा विषय निघाला की मी एका जहाजाची गोष्ट सांगतो. 'विम्बल्डन' नावाचं ब्रिटिश जहाज, भाड्याने घेतलेलं फ्रेंच कंपनीने, पोटात दारूगोळा. निघालं होतं सॅलोनिकाहून, जायचं होतं पोलंडसाठी डान्झिगला. २१ मार्च १९२१ रोजी ते जर्मनीतल्या कील कालव्याच्या तोंडाशी आलं आणि कालव्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं. पोलंड आणि रशिया यांच्यात युद्ध आहे, आम्ही तटस्थ आहोत, दारूगोळा आमच्या पाण्यातून जाऊ देणार नाही, असं जर्मनीचं म्हणणं. गंमत म्हणजे त्या दोघांचा तह तीनच दिवस आधी रिगामध्ये झाला होता. जहाज अकरा दिवस खोळंबलं आणि शेवटी डेन्मार्कला वळसा घालून गेलं.

प्रकरण हेगच्या नव्या न्यायालयात गेलं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहाच्या ३८० व्या कलमात कील कालवा सगळ्या राष्ट्रांना खुला राहील असं लिहिलेलं होतं. जर्मनीचा युक्तिवाद असा की, तटस्थ राहायचं की नाही हा सार्वभौम देशाचा मूळ अधिकार आहे, तो कुठलाही तह काढून घेऊ शकत नाही. १७ ऑगस्ट १९२३ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालय म्हणालं, करार करून राज्य स्वतःवर बंधन घालून घेतं हे खरं, पण म्हणून ते सार्वभौमत्व सोडून देतं असं नाही. करार करण्याचा अधिकार हेच तर सार्वभौमत्वाचं एक अंग आहे. जर्मनीला सुमारे १ लाख ४० हजार फ्रँक भरपाई द्यायला सांगितलं गेलं.

हे वाक्य गेली शंभर वर्षं तुमचे कायदेशीर सल्लागार तुम्हाला ऐकवत आले आहेत आणि ते बरोबरच आहे. सही केली म्हणून कोणी गुलाम होत नाही. पण त्यातली मेख न्यायालयाने तशीच सोडली. जर्मनीने व्हर्सायला सही केली ती हरलेल्या अवस्थेत, नाकेबंदी चालू असताना. ती सही 'अधिकाराचा वापर' म्हणायची का? हेगला या प्रश्नाची दखल नीट घ्यायला २०१९ उजाडलं. मॉरिशस ब्रिटिश वसाहत असताना, १९६५ मध्ये, तिथल्या नेत्यांकडून हिंदी महासागरातली चागोस बेटं तोडून देण्याला संमती घेतली गेली होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ च्या आपल्या सल्लागार मतात म्हटलं की, एक पक्ष दुसऱ्याच्या अधिकाराखाली असताना त्यांच्यातल्या अशा बोलण्याला आंतरराष्ट्रीय करार म्हणता येत नाही. म्हणजे सही आहे, पण सही करणारा मोकळा नव्हता.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात नवा करार झाला. बेटं मॉरिशसची, पण त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या लष्करी तळावर ९९ वर्षं अधिकार चालवायचे ब्रिटनने. सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची. तरीही मी या कराराला नावं ठेवत नाही, कारण तो छापलेला आहे. त्यात वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाडं पडतं हे ब्रिटिश करदात्यालाही माहीत आहे आणि मॉरिशसच्या मतदारालाही. आवडलं नाही तर दोघांनाही भांडायला कागद आहे.

वाटेत एक खुलासा. 'वेस्टफालियाचा तह, १६४८' असं तुम्ही म्हणता तेव्हा आवाज असा लागतो की जणू तेव्हा सगळी राज्यं सार्वभौम होती आणि आता ऱ्हास चाललाय. तसा सुवर्णकाळ कधी नव्हता. त्या तहांत मुख्यतः जर्मन साम्राज्यातल्या संस्थानिकांचे, धर्माचे आणि मालमत्तेचे झगडे मिटवलेत. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या करणारे देश ५१ होते. आज जे १९३ आहेत त्यांतल्या बहुतेकांच्या आजोबांना सार्वभौमत्व हा शब्द फक्त मागणी म्हणून माहीत होता. तेव्हा ऱ्हासाची भाषा जपून वापरावी.

आता तुवालूकडे येतो, कारण मला जे मागायचं आहे ते तुमच्यातल्या जवळजवळ सर्वांत छोट्या सदस्याने करून दाखवलं आहे.

नऊ बेटं, सुमारे ११ हजार माणसं, आणि देशातली सर्वांत उंच जागा समुद्रापासून पाच मीटरही नाही. माँटेव्हिडिओच्या यादीतलं दुसरं लक्षण, निश्चित भूभाग, हेच पाण्याखाली चाललेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथले मंत्री सायमन कोफे कोट-टाय घालून गुडघाभर समुद्रात उभे राहिले आणि तिथूनच हवामान परिषदेसाठी बोलले, ते तुम्हाला आठवत असेल. २०२३ मध्ये त्यांनी राज्यघटनाच बदलली : भूभाग गेला तरी राज्य कायम राहील. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाशी 'फालेपिली' करार झाला. त्या शब्दात शेजारधर्म, जिव्हाळा असा अर्थ आहे. करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायला, काम करायला, शिकायला वाट. समुद्र चढला तरी तुवालूचं राज्यत्व आणि सार्वभौमत्व चालू राहील, हे ऑस्ट्रेलियाने लेखी मान्य केलं.

आणि बदल्यात? कलम ४. संरक्षण, पोलीस, सीमा, सायबर सुरक्षा, बंदरं, दूरसंचार, ऊर्जा यांबाबत दुसऱ्या कुठल्याही देशाशी सुरक्षेची भागीदारी करायची तर तुवालूने आधी ऑस्ट्रेलियाशी सहमती करायची. हे वाचून माझ्या वर्गात दरवर्षी दोन तट पडतात. एक म्हणतो, ही सरळ मांडलिकी आहे. दुसरा म्हणतो, ११ हजार माणसांच्या देशाने बुडता बुडता एवढं पदरात पाडून घेतलं, याहून शहाणी मुत्सद्देगिरी कुठली? मी तास संपेपर्यंत मत देत नाही. आज देतो. किंमत जड आहे, पण सौदा त्यांचा आहे, कारण तो त्यांनी उजेडात केला. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत करार चर्चेत होता. नव्या सरकारने आल्याबरोबर म्हटलं की मूळ कल्पना मान्य, पण बोलणी करताना लोकांना विचारलं गेलं नाही आणि पारदर्शकता नव्हती. मग खुलासे झाले आणि करार ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. पुढच्या वर्षी त्या २८० जागांच्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीय धरून निम्म्याहून कितीतरी जास्त लोकसंख्येने नावं नोंदवली. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हवामानबदलावरच्या आपल्या मतात म्हटलं की, एकदा राज्य स्थापन झालं की त्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राज्यत्व गेलंच असं होत नाही.

म्हणजे जमीन गेली तरी सार्वभौमत्व उरू शकतं. मग जमीन जिथल्या तिथे असताना ते जातं कसं, हे पाहायला मोझांबिकला चला.

२०१३ आणि २०१४ मध्ये तिथे तीन सरकारी कंपन्या निघाल्या. एकीने ट्यूना मासे पकडायचे, बाकीच्या दोघींनी किनाऱ्याचं रक्षण आणि जहाजांची डागडुजी पाहायची. त्यांना मोठ्या परदेशी बँकांकडून मिळून सुमारे २ अब्ज डॉलर कर्ज मिळालं. कर्जाला देशाची हमी. हमीपत्रावर अर्थमंत्री मान्युएल शांग यांची सही. घटनेनुसार संसदेची मान्यता हवी होती, ती घेतलीच नाही. पैसा मोझांबिकच्या तिजोरीत आला नाही, परस्पर बोटी पुरवणाऱ्याकडे गेला. त्यातली दोन कर्जं तर २०१६ पर्यंत देशाला माहीतच नव्हती. ती उघड झाली तेव्हा नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला, चलन कोसळलं, आणि ट्यूना पकडायच्या बोटी मापुतो बंदरात गंजत उभ्या राहिल्या. २०१७ च्या स्वतंत्र लेखापरीक्षणात ५० कोटी डॉलरचा हिशेब लागला नाही.

सही एका माणसाची होती, पण फेडायचं तीन कोटी लोकांनी. देशाच्या घटना परिषदेने २०१९ आणि २०२० मध्ये या हम्या बेकायदा ठरवल्या. तेवढ्याने सुटका झाली नाही, कारण हमीपत्रांना कायदा इंग्लंडचा लागू होता. मोझांबिकचं भवितव्य लंडनच्या कोर्टात आणि शांग यांचं न्यूयॉर्कमध्ये ठरलं. तिथल्या ज्युरीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना दोषी धरलं, आणि लंडनच्या न्यायाधीशांनीही त्याच उन्हाळ्यात मोझांबिकच्या बाजूने निकाल दिला. आठ वर्षं गेली. या आठ वर्षांत मोझांबिकच्या सीमेवर एकही परकी फौज या कर्जासाठी आली नाही. तुमच्या सनदेच्या कुठल्याही कलमाचा भंग झाला नाही. तरीही घटनेने संसदेला दिलेला सर्वांत मोठा अधिकार, देशाच्या नावावर कर्ज काढायचा, तो संसदेच्या नकळत खर्ची पडला.

इथे तुमच्यातले काही जण लगेच श्रीलंकेचं हंबनटोटा पुढे करतील. ती गोष्ट फार गुळगुळीत झाली आहे. कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने बंदर हिसकावलं, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांसाठी भाडेपट्ट्याने दिलं गेलं, त्याचे १.१२ अब्ज डॉलर आले, ते परकीय गंगाजळीला टेकू द्यायला वापरले गेले, आणि बंदरासाठी काढलेलं कर्ज होतं तिथेच राहिलं. दंतकथेपेक्षा खरी गोष्ट जास्त चिंतेची आहे. लुटारू शोधायची गरजच पडली नाही, रोकड लागत होती म्हणून विकणाराच दारात उभा होता.

आता ज्या संस्थेवर सार्वभौमत्व गिळल्याचा आरोप सर्वांत मोठ्याने होतो, त्या युरोपीय संघाकडे बघा. तिथे हा प्रश्न विजेच्या बिलातून सुटला. मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्टा यांनी १,९२५ लिरांचं बिल भरायला नकार दिला, कारण सरकारने वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं ते त्यांना मान्य नव्हतं आणि ते युरोपीय कराराच्या विरुद्ध आहे असं त्यांचं म्हणणं होतं. १५ जुलै १९६४ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की, सदस्य राष्ट्रांनी काही क्षेत्रांपुरते का होईना, आपले सार्वभौम अधिकार कायमचे मर्यादित करून घेतले आहेत, आणि नंतर केलेला देशी कायदा त्यावर मात करू शकत नाही. 'कायमचे' या शब्दाने तेव्हा अनेकांची झोप उडाली होती.

पण ब्रिटनने २०१६ मध्ये जनमत घेतलं आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते बाहेर पडलं. खर्च किती आला, उत्तर आयर्लंडचा गुंता किती वर्षं पुरला, हा भाग निराळा. मुद्दा असा की दाराला आतून कडी होती आणि ती कुठे आहे हे करारातच, कलम ५० मध्ये, लिहिलेलं होतं. मोझांबिकच्या लोकांना दार कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. यातलं सार्वभौमत्व कोणाचं जास्त गेलं, हे तुमच्या भाषणांवरून ओळखता येणार नाही.

मी युरोपचा भाट नाही. ५ जुलै २०१५ रोजी ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी कर्जदात्यांच्या अटींना 'नाही' म्हटलं, आणि आठवडाभरात त्यांच्या सरकारने तितक्याच कडक, काही बाबतींत अधिक कडक अटी मान्य केल्या. बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत होते. मतपेटी उघडी आणि तिजोरी बंद, अशा स्थितीत जनमताला काय किंमत उरते? मला याचं चांगलं उत्तर सापडलेलं नाही. एवढंच म्हणेन की ग्रीक माणसाला निदान कळलं, आपलं 'नाही' कुणी आणि कुठल्या टेबलावर मोडून काढलं ते.

सार्वभौमत्वाची ढाल तुम्ही कुणाविरुद्ध धरता, हेही बोलायला हवं. सनदेचं कलम २(७) देशांतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांना हस्तक्षेप करू देत नाही, आणि लहान देशांना ते हवंच. पण एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असताना, ती करणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी सुरक्षा परिषदेत सदस्य म्हणून बसलेला होता. त्याच महिन्याच्या २१ तारखेला परिषदेने तिथली शांतिसेना २७० माणसांवर आणायचं ठरवलं. त्या शरमेतून २००५ च्या शिखर परिषदेत तुम्ही सगळ्यांनी मान्य केलं की, लोकांचं नरसंहारापासून रक्षण करणं ही आधी त्यांच्याच राज्याची जबाबदारी, आणि ते उघडपणे चुकलं तर जगाची. सहा वर्षांनी लिबिया. १७ मार्च २०११ चा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी झाला, पाच जण तटस्थ राहिले. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेली लष्करी कारवाईची परवानगी राजवट उलथण्यापर्यंत ताणली गेली, आणि त्यानंतर सीरियासाठी कोणी हात वर करताच नकाराधिकार तयार. ज्यांनी ताणलं त्यांनाही दोष, आणि ज्यांनी त्या ताणण्याचं निमित्त करून दमास्कसला वर्षानुवर्षं पाठीशी घातलं त्यांनाही. दोन्ही बाजूंच्या भाषणांत शब्द एकच होता.

डिजिटल सार्वभौमत्वावर हल्ली फार परिषदा होतात, मी त्यात भर घालत नाही. दोनच गोष्टी नोंदवतो. २०१७ मध्ये डेन्मार्कने तंत्रज्ञान कंपन्यांशी बोलायला वेगळा राजदूत नेमला. पूर्वी असे दूत राजेरजवाड्यांकडे जायचे. त्याच वर्षी एस्टोनियाने लक्झेंबर्गशी करार करून आपल्या सरकारी नोंदींची प्रत तिथल्या डेटा केंद्रात ठेवायची सोय केली. त्या खोलीला दूतावासासारखं संरक्षण. उद्या देशावर कब्जा झाला तरी जमिनीच्या आणि नागरिकत्वाच्या नोंदी शाबूत राहाव्यात, हा हेतू. तुवालू समुद्रामुळे जे करतोय, तेच एस्टोनिया शेजाऱ्यामुळे. दोघांचेही करार वाचायला मिळतात.

आता मागणी. ती नवी नाही, तुमच्याच घरातली आहे.

सनदेचं कलम १०२ तुम्हाला माहीत असेलच, जरी भाषणांत ते कधी येत नाही. सदस्य राष्ट्राने केलेला प्रत्येक करार लवकरात लवकर सचिवालयात नोंदवायचा आणि सचिवालयाने तो छापायचा. जो नोंदवला नाही, त्याचा हवाला संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही अंगापुढे देता येणार नाही. हे कलम आलं पहिल्या महायुद्धाच्या अनुभवातून. गुप्त तहांच्या साखळीने युरोप खाईत गेला, अशी लोकांची भावना होती. जानेवारी १९१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी मांडलेल्या चौदा मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा उघड करारांचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था म्हणजे राष्ट्रसंघ, तिच्या करारनाम्यातलं कलम १८ तर आणखी कडक होतं : नोंदणी होईपर्यंत तह बंधनकारकच नाही. १९४५ मध्ये तुमच्या पूर्वसूरींनी ते सौम्य केलं.

तेव्हा धोका होता तो दोन राज्यांतल्या गुप्त तहांचा. आज तो दुसरीकडे सरकला आहे. सरकारी हमीची कर्जं, बंदरं आणि खाणींचे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे, परदेशी कंपनीला सरकारविरुद्ध लवादात जाऊ देणारी कलमं, नागरिकांच्या नोंदी कुणाच्या यंत्रांवर राहतील याचे ठेके. यांत एका बाजूला राज्य असलं तरी दुसऱ्या बाजूला बहुधा बँक किंवा कंपनी असते, म्हणून ते 'करार' या व्याख्येत बसत नाहीत आणि कलम १०२ त्यांना शिवत नाही. अनेक कर्जकरारांत तर गोपनीयतेचं कलमच असतं. म्हणजे देशाने कर्ज काढलं आणि ते देशापासूनच लपवून ठेवायचं वचन दिलं.

कलम १०२ कसं राबवायचं याचे नियम आमसभेने १४ डिसेंबर १९४६ रोजी केले आणि त्यानंतर ते अनेकदा दुरुस्त केले. तेव्हा 'आमच्या हातात काय आहे' असं म्हणू नका. सनद न बदलताही तुम्ही शेजारी एक दुसरी नोंदवही उघडू शकता : राज्याला दहा वर्षांहून जास्त बांधणारा किंवा राज्याची हमी असलेला प्रत्येक व्यवहार, तो कुणाशीही असो, संपूर्ण मजकुरासह तिथे नोंदवायचा. सुरुवात ऐच्छिक असू द्या. ज्यांचं नाव त्या वहीत नसेल, ते आपोआप दिसतील.

ब्रिटन आणि अमेरिकेच्या प्रतिनिधींना वेगळं सांगायचं आहे. जगातले बहुतेक आंतरराष्ट्रीय सरकारी कर्जरोखे लंडनच्या नाहीतर न्यूयॉर्कच्या कायद्याखाली निघतात. राष्ट्रसंघाचं ते जुनं कलम, नोंद नाही तर बंधन नाही, तुमच्या दोन विधिमंडळांनी फक्त अशा कर्जांपुरतं लागू केलं, तर मापुतोसारखं प्रकरण कुठलीही बँक दुसऱ्यांदा करायला धजणार नाही. यासाठी १९३ सह्या लागत नाहीत, दोन पुरतात.

मला मिळणारं उत्तर ठाऊक आहे. बोलणी उघड्यावर होत नसतात, बाजारात भाव पडतो, प्रतिस्पर्धी टपलेले असतात. बोलणी बंद दाराआड करा ना. विल्सनही पॅरिसला दारं लावूनच बसले होते. मी मसुद्यांबद्दल बोलत नाही, सही झालेल्या कागदाबद्दल बोलतोय. दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे : मोठे देश नोंदवणार नाहीत आणि लहानांनाच उघडं पडावं लागेल. ही भीती रास्त आहे. पाच जणांच्या हाती नकाराधिकार असलेल्या घरात समतेची भाषा करताना माझीही जीभ अडखळते. पण कर्ज देणारा बहुधा मोठा असतो आणि घेणारा लहान. घेणाऱ्याने नोंदवलं की देणाऱ्याचंही उघडं पडतंच.

पुढच्या अधिवेशनात कायद्याचे विषय पाहणाऱ्या सहाव्या समितीपुढे विषय आणायला एक प्रस्तावक लागतो. चिठ्ठीत पहिली जागा कुणाची निघेल ते मला माहीत नाही, पण प्रस्तावक म्हणून माझ्या मनात तुवालू आहे, आणि अनुमोदनाला मोझांबिक.

कळावे.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक शिक्षक